एमटीटीत जांभळाची साल १३८ टक्के, सीताफळाचं बी ४० वर अडकलेलं: वाचायचं कसं?

पारंबी (बडोदं)

मंडळी, नमस्कार. एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या प्रबंधासाठी दोन वनस्पतींचे अर्क स्तनाच्या कर्कपेशींवर एमटीटी चाचणीने तपासते आहे; तिच्यात रंग जितका गडद तितक्या पेशी जिवंत असं धरतात. आलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं त्याच्याशी तर अजिबातच जुळत नाहीत. पद्धत जशी केली तशी लिहिते, म्हणजे चूक कुठे आहे ते सांगणं सोपं जाईल.

जांभळाच्या खोडाची साल सावलीत वाळवून भरड दळली. ८० टक्के मिथेनॉलमध्ये १:१० प्रमाणात ७२ तास ठेवून, गाळून, रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना आटवली. सीताफळाच्या बियांचं आधी हेक्झेनने तेल काढलं आणि चोथ्याचा इथेनॉलमध्ये अर्क घेतला. दोन्हींचा साठा डीएमएसओ या द्रावकात, २० मिलिग्रॅम/मिली.

पेशी एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्कपेशींचा एक वाण), ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलमागे ८,०००. मीडियम म्हणजे हाय ग्लुकोज डीएमईएम (पेशींचं पोषक द्रावण) आणि १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम). पेशी रात्रभर चिकटल्यावर अर्क घातला आणि ४८ तास ठेवला. नंतर त्याच मीडियममध्ये ५ मिलिग्रॅम/मिलीच्या एमटीटीचे २० मायक्रोलिटर, ४ तास, मीडियम काढून १०० मायक्रोलिटर डीएमएसओ. रीडिंग ५७० नॅनोमीटरला, रेफरन्स ६५०.

जांभूळ: १०० मायक्रोग्रॅम/मिलीला जिवंत पेशी १३८ टक्के, ५० ला ११२, २५ ला ९१. पण १०० च्या वेलमध्ये पेशी गोल होऊन तरंगताना स्पष्ट दिसतात.

सीताफळ: ०.१ पासून १०० पर्यंत कुठल्याही मात्रेला ४० ते ४५ टक्के. रेघ सरळ आडवी. पेशी चिकटलेल्या असतात, आकार ठीक, फक्त संख्येने थोड्या कमी. या वेलमधलं मीडियम मात्र कंट्रोलच्या (अर्क न दिलेल्या वेलच्या) आधीच पिवळं पडतं.

पॉझिटिव्ह कंट्रोल (परिणाम ठाऊक असलेलं औषध) सिस्प्लॅटिन, डीएमएसओत विरघळवून. त्याचा आयसी५० (पेशी निम्म्यावर आणणारी मात्रा) १०० मायक्रोमोलरच्याही वर येतो. 'नॉर्मल' पेशी म्हणून एचईके-२९३ घ्यायच्या विचारात आहे.

जांभळाच्या अर्काने पेशी वाढतात असं समजायचं का? आणि सीताफळाचा आयसी५० काढायचा कसा?

पेशीपालक

आधी जांभळाचं बोलतो, कारण ते लवकर सुटेल.

एमटीटी हे पिवळं टेट्राझोलियम मीठ आहे. त्याला इलेक्ट्रॉन मिळाले की जांभळं फॉर्मॅझान तयार होतं. ते इलेक्ट्रॉन पेशीनेच दिले पाहिजेत असं त्याच्यावर कसलंही बंधन नाही. जांभळाची साल म्हणजे गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल आणि टॅनिन यांचं भांडार, आणि ही सगळी मंडळी इलेक्ट्रॉन द्यायला टपलेली. तुम्ही एमटीटी अर्काच्या मीडियममध्येच घातलंत, म्हणजे ४ तास अर्क आणि एमटीटी एकमेकांच्या सहवासात राहिले. पेशी मेल्या तरी वेल जांभळी होणारच. क्वर्सेटिन, ल्युटिओलिन आणि क जीवनसत्त्वही हेच करतात.

खात्री करायला अर्ध्या दिवसाचं काम आहे. पेशी नसलेल्या वेलमध्ये मीडियम आणि अर्क (सगळ्या मात्रा), त्यात एमटीटी, ४ तास ३७ अंशांना. पुढे नेहमीसारखं, फक्त एक फरक: तळाशी पेशी नसल्याने मीडियम ओतून दिलंत तर फॉर्मॅझानही जाईल. म्हणून मीडियम न काढता त्यावरच डीएमएसओ घाला, आणि तुलनेला नुसतं मीडियम अधिक एमटीटी अशी वेल तशीच करा. या वेलची ओडी (रीडरने मोजलेली रंगाची गडदता) कंट्रोल पेशींच्या ओडीच्या दहा टक्क्यांहून वर गेली, तर तुमच्या पद्धतीने त्या अर्काचा आकडा देता येणार नाही.

उपाय म्हणून बहुतेक जण अर्काचं मीडियम काढून, पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) दोनदा धुऊन, ताज्या मीडियममध्ये एमटीटी देतात. ते योग्यच आहे, पण त्यात दुसरी भानगड असते. तुमच्या १०० च्या वेलमध्ये पेशी तरंगताहेत. धुताना त्या वाहून जातील आणि त्यांतल्या अजून जिवंत असलेल्याही मेलेल्यांत जमा होतील. प्लेट बसेल असा रोटर असेल तर धुण्याआधी २०० ते ३०० जी (गुरुत्वाच्या पट) वर ५ मिनिटं फिरवा. नसेल तर मल्टिचॅनल पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवून, प्लेट तिरकी धरून, तळाला न शिवता मीडियम काढा. प्लेट उलटी करून झटकणं या पेशींना चालणार नाही.

आता वाढीबद्दल. एमसीएफ-७ इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतात, त्यामुळे वनस्पतीतल्या इस्ट्रोजेनसदृश द्रव्यांनी त्यांची वाढ खरोखर होऊ शकते. मीडियममधल्या फिनॉल रेड या रंगाचाही क्षीण इस्ट्रोजेनसारखा परिणाम असतो. म्हणून '१०० च्या वर म्हणजे गडबडच' असं डोळे मिटून म्हणू नये. पण वाढत्या पेशी गोल होऊन तरंगत नाहीत. १०० च्या वेलमधल्या तरंगत्या आणि चिकटलेल्या अशा दोन्ही पेशी गोळा करा, ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लूमध्ये समभाग मिसळा आणि हिमोसायटोमीटरवर मोजा. निळ्या, म्हणजे मेलेल्या, किती ते तिथेच कळेल.

आकडेमोड

दोनच मुद्दे.

रेफरन्स ६५० ठेवलाय. सालीला फारसा फरक पडणार नाही, पण उद्या पानांचा अर्क घेतलात तर क्लोरोफिल नेमकं ६५०-६६० च्या आसपास प्रकाश शोषतं. रीडर ते ५७० मधून वजा करतो आणि हिरव्या वेलचा आकडा उगाच खाली येतो, कधीकधी उणेही जातो. अर्क 'मारतोय' असं वाटतं आणि मारत असतो तो रेफरन्स. पानांसाठी ५७० आणि रेफरन्स वेगवेगळे छापून घ्या, वजाबाकी स्वतः करा.

सीताफळाच्या आडव्या रेघेतून आयसी५० काढू नका. सॉफ्टवेअर कसलाही आकडा देईल. चार प्राचलांचा लॉजिस्टिक वक्र बसवायला वरचं पठार, उतार आणि खालचं पठार तिन्ही हवेत. तुमच्याकडे फक्त खालचं पठार आहे. उलट बाजूने, १०० मायक्रोग्रॅमला ३५ टक्केच परिणाम दिसला तर सरळ रेघ पुढे ओढून '१६२.४' लिहायचं नाही, '१०० पेक्षा जास्त' लिहायचं.

कडूकाढा

सीताफळ आणि सिस्प्लॅटिन माझ्याकडे.

सिस्प्लॅटिन सोपं आहे: ते डीएमएसओत विरघळवायचं नसतं. डीएमएसओमधलं गंधक प्लॅटिनमला चिकटतं, क्लोराइडला बाजूला सारतं, आणि औषधाची धार जाते. विरघळतं झकास, म्हणून सगळे फसतात. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात १ मिलिग्रॅम/मिली करा, साधारण ३.३ मिलिमोलर होतं. साध्या पाण्यात नको, क्लोराइड नसलं की तिथेही रेणू बदलतो. उजेडापासून झाका, फ्रिजमध्ये ठेवू नका (थंडीत खाली बसतं), त्या दिवशीचं त्या दिवशी वापरा. त्याच्या वेलमध्ये डीएमएसओ घालू नका आणि त्याचा वाहक कंट्रोल (औषधाविना नुसता द्रावक दिलेली वेल) मिठाच्या पाण्याचाच असू द्या. पॉझिटिव्ह कंट्रोल पडलेला असताना बाकी प्लेटचे आकडे कुणी का मानावेत? म्हणून हे आधी दुरुस्त करा. डॉक्सोरुबिसिन डीएमएसओत चालतं, ते हाताशी असेल तर दुसरा कंट्रोल म्हणून ठेवा. रंगाने लाल असल्यामुळे त्यालाही पेशीविरहित वेल लागते.

आता सीताफळ. तुम्ही सहज लिहून गेलात ते पिवळं मीडियम, उत्तर त्यातच आहे. पेशी कंट्रोलपेक्षा कमी आणि तरी आम्ल जास्त. म्हणजे उरलेली प्रत्येक पेशी कंट्रोलच्या पेशीहून अधिक लॅक्टिक आम्ल ओकते आहे, फिनॉल रेड पिवळं पडतंय ते त्यामुळे. असं कधी होतं? मायटोकॉन्ड्रियाचं काम बंद पडलं आणि पेशी नुसत्या ग्लायकोलिसिसवर (ऑक्सिजनविना साखर मोडण्यावर) जगायला लागली की.

सीताफळाच्या बीत ॲसिटोजेनिन असतात, स्क्वामोसिन त्यातलं ठळक. मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतलं पहिलं संकुल, म्हणजे कॉम्प्लेक्स १, ही द्रव्यं नॅनोमोलर मात्रेत अडवतात. तुमच्या डीएमईएममध्ये ग्लुकोज ४.५ ग्रॅम/लिटर आहे. इतकी साखर असताना कर्कपेशीला मायटोकॉन्ड्रिया बंद पडल्याचं फारसं काही वाटत नाही, ती सावकाश वाढते पण जगते. एमटीटीला इलेक्ट्रॉन पुरवणारं एनएडीएच-एनएडीपीएच या पेशीतल्या इलेक्ट्रॉनवाहकांचं गणित मात्र बिघडतं आणि ओडी घसरते. एमटीटी फक्त मायटोकॉन्ड्रियातच घटतं हे पाठ्यपुस्तकी वाक्य अर्धंच खरं आहे, बराच भाग बाहेरची एन्झाइमं करतात. म्हणून आकडा शून्यावर न जाता ४० वर थांबतो. तुमचे ४० टक्के हे '६० टक्के पेशी मेल्या' असं सांगत नाहीत.

पडताळा असा घ्या. ग्लुकोज नसलेलं डीएमईएम आणा, त्यात गॅलक्टोज १० मिलिमोलर, पायरुव्हेट १ मिलिमोलर, ग्लुटामिन नेहमीइतकं, आणि एफबीएस शक्यतो डायलाइझ केलेलं, कारण साध्या सीरममध्येही थोडं ग्लुकोज असतं. पेशी काही दिवस त्यात रुळू द्या. गॅलक्टोजवर ग्लायकोलिसिसमधून निव्वळ ऊर्जा जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे पेशीला मायटोकॉन्ड्रियावरच विसंबावं लागतं. आता तोच अर्क ग्लुकोजच्या आणि गॅलक्टोजच्या प्लेटला शेजारी शेजारी द्या. गॅलक्टोजमध्ये पेशी साफ झोपल्या आणि ग्लुकोजमध्ये तग धरून राहिल्या, तर अर्क काय करतो ते उघड झालं. सोबत रोटेनोन ठेवा, तेही कॉम्प्लेक्स १ अडवतं. हातमोजे घालून, कारण ते विषारी आहे.

मात्रा फार वर आहेत. १ मायक्रोग्रॅम/मिलीपासून दहापटीने खाली ०.०००१ पर्यंत जा, तेव्हा वरचं पठार दिसेल. हेक्झेनने काढलेलं तेलही फेकू नका, ॲसिटोजेनिनचा काही भाग तेलाबरोबर गेलेला असतो.

आणि बिया दळताना गॉगल लावा. ही पूड डोळ्यात गेली तर कॉर्नियाला इजा होते. उवांसाठी बियांचा लेप लावून डोळे गमावायची वेळ आलेली माणसं नेत्रतज्ज्ञांना नवी नाहीत.

रावपुऱ्याचा वाचक

मला यातलं शास्त्र कळत नाही, पण एक विचारू का? इतक्या कमी मात्रेत परिणाम होतो म्हणताय, मग बियांची पूड किंवा पानांचा काढा घेऊन काही उपयोग? व्हॉट्सॲपवर हे सारखं फिरत असतं.

कडूकाढा

नको, अजिबात नको. वर जे लिहिलं ते कॉम्प्लेक्स १ तुमच्या मेंदूच्या पेशींतही आहे, आणि त्यांना साखरेवर निभावून नेण्याची कर्कपेशीसारखी सोय नाही. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार आढळला आणि त्याचा संबंध सीताफळाच्याच कुळातल्या मामफळाच्या नियमित सेवनाशी, पानांच्या काढ्याशी जोडला गेला. फळाचा गर हंगामात खुशाल खा, बिया थुंका. उपचार चालू असलेल्या माणसाने असं काही घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगावं, कारण काढ्यातली द्रव्यं औषधांच्या पचनातही ढवळाढवळ करतात.

प्लेटमध्ये पेशी फिनाइलनेही मरतात.

पारंबी (बडोदं)

खूप आभार. जांभळाची पेशीविरहित प्लेट केली. नुसतं मीडियम आणि एमटीटी ०.०६. अर्क १०० ला ०.८६, २५ ला ०.२२. पेशींच्या प्लेटमध्ये कंट्रोल ०.७८ आणि १०० मायक्रोग्रॅमची वेल १.०५ होती. सरळ वजा केलं तर १०० ला २६ टक्के येतात. हे लिहिलं तर चालेल का? की एसआरबी ही पेशींचं प्रथिन मोजणारी चाचणीच करू? एसआरबी आमच्याकडे याआधी कुणी केलेलं नाही.

दुसरं, अर्क ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून जाईना. जोर दिला तर फिल्टर फुगला.

पेशीपालक

वजाबाकी करून मोकळ्या होऊ नका. ती तेव्हाच चालते जेव्हा अर्क पेशींच्या वेलमध्येही तितकंच एमटीटी घटवेल जितकं पेशींशिवाय. पण ४८ तासांत पेशींनी अर्कातलं काही शोषलेलं असतं, काही हवेतल्या ऑक्सिजनने संपलेलं असतं. तुमची पेशीविरहित वेल ताज्या अर्काची होती ना? मग ०.८६ हा आकडा ४८ तास इन्क्युबेटरमध्ये राहिलेल्या अर्काला लागू नाही. शिवाय दोन्ही प्लेट्समध्ये डीएमएसओ घालायची रीत वेगळी. कल वाचायला २६ ठीक आहे, तक्त्यात घालायला नाही. एसआरबी करा.

एसआरबी प्रथिनाला चिकटणारा रंग आहे, त्याला पेशीच्या इलेक्ट्रॉनांशी देणंघेणं नाही. म्हणून तुमच्या दोन्ही अर्कांना तो सोयीचा. वेलमध्ये २०० मायक्रोलिटर मीडियम असताना, ते न काढता, ५० टक्के थंडगार टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल) ५० मायक्रोलिटर अगदी पृष्ठभागावर हलकेच सोडा. अंतिम प्रमाण १० टक्के होतं. जोरात सोडलंत तर पेशींची चादर उचलली जाते आणि वेलच्या मधोमध टक्कल पडतं. हे पुढे सगळ्या रीडिंगला नडतं, कारण रीडरचा किरण नेमका मधून जातो. ४ अंशांना १ तास. मग नळाच्या संथ पाण्याने चार-पाच वेळा धुवा आणि प्लेट हवेवर पूर्ण वाळू द्या.

रंग ०.४ टक्के, १ टक्का ॲसेटिक आम्लात, वेलमागे १०० मायक्रोलिटर, अर्धा तास, अंधारात. त्यानंतरची धुलाई १ टक्का ॲसेटिक आम्लानेच, चार-पाच वेळा, भराभर. इथे सवयीने कुणी पाणी वापरतं आणि प्रथिनाला धरलेला रंगही वाहून जातो, कारण तो आम्लातच धरून राहतो. पुन्हा वाळवा. शेवटी १० मिलिमोलर ट्रिस बेस, पीएच १०.५, वेलमागे २०० मायक्रोलिटर, १० मिनिटं शेकरवर, रीडिंग ५१०-५१५ ला. ट्रिस बेसच घ्या, ट्रिस-एचसीएलची बाटली उचलू नका, रंग सुटणारच नाही.

एक प्लेट अर्क घालायच्या क्षणीच टीसीएने स्थिर करून ठेवा, तिला शून्य वेळेची प्लेट म्हणतात. शेवटची ओडी तिच्याहून खाली गेली तर पेशी मेल्या. तिच्यापेक्षा वर पण कंट्रोलपेक्षा खाली असेल तर फक्त वाढ रोखली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे जीआय५०, टीजीआय आणि एलसी५० (वाढ निम्म्यावर आणणारी, वाढ पूर्ण थांबवणारी आणि निम्म्या पेशी मारणारी मात्रा) हे तीन आकडे याच शून्य प्लेटवर उभे आहेत. तुमच्या सीताफळासाठी तर मी आयसी५० सोडून हेच तीन देईन.

आणि एसआरबी म्हणजे सुटलो असंही नाही. जांभळाचं टॅनिन सीरममधल्या प्रथिनांना खाली बसवतं, तो साका टीसीएने तळाला पक्का होतो आणि मग तोही गुलाबी होतो. पेशीविरहित वेल इथेही लागणारच.

कडूकाढा

फिल्टरचं उत्तर त्याच टॅनिनमध्ये आहे, आणि थोडं फिल्टरच्या पडद्यात. फुगला म्हणजे बहुधा सेल्युलोज ॲसिटेट असावा, तो डीएमएसओत टिकत नाही. पीईएसही नको. पीटीएफई घ्या, नायलॉन डीएमएसओला टिकतो पण पॉलिफिनॉल धरून ठेवतो. खरं तर निव्वळ डीएमएसओतल्या साठ्याला गाळायची गरज सहसा पडत नाही, त्यात जंतू वाढत नाहीत. न विरघळलेला गाळ असेल तर १०,००० जी वर १० मिनिटं फिरवून वरचा भाग घ्या, आणि खाली राहिलेला गाळ वाळवून वजन करा. २० मिलिग्रॅममधले ४ मिलिग्रॅम तळाशी राहिले तर तुमचा साठा १६ चा आहे. फिल्टरवर अडकलेलं कुणी मोजत नाही, आणि त्याच अर्काचा आयसी५० दोन ठिकाणी वेगळा यायचं ते एक कारण आहे.

टॅनिन आहे का ते दोन मिनिटांत कळतं: १० टक्के मिठाच्या पाण्यात १ टक्का जिलेटिन, त्यात अर्काचे थेंब, पांढुरका साका. काढायचं असेल तर डीएमएसओच्या आधी, पाणीदार मिथेनॉलच्या टप्प्यावर. १०० मिलिग्रॅम पीव्हीपीपी (टॅनिन धरून ठेवणारी पूड), १ मिली पाणी, १ मिली अर्क, ४ अंशांना १५ मिनिटं, ३,००० जी वर फिरवून वरचा द्रव. टॅनिनसह आणि टॅनिनविना असे दोन्ही अर्क तपासा. टॅनिन काढल्यावर परिणाम नाहीसा झाला तर त्याचा फार पाठपुरावा करण्यात अर्थ नाही, टॅनिन असलेलं जवळजवळ काहीही पेशींना त्रास देतंच.

जांभळाबद्दल आणखी एक शंका. १०० ला पेशी मरताहेत हे खरं धरू. पण कशाने? गॅलिक आम्लासारखी द्रव्यं डीएमईएममध्ये स्वतःहून ऑक्सिडाइझ होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. पेशी मग अर्काने नाही, पेरॉक्साइडने मरतात, आणि हा प्रकार शरीरात तसा घडेल असं नाही. १०० मायक्रोग्रॅमच्या काही वेलमध्ये कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घाला, १०० ते २०० युनिट/मिली. पेशी वाचल्या तर चोर सापडला. उकळून निकामी केलेलं कॅटालेज हा त्याचा कंट्रोल. आणि डीएमईएमच्या बाटलीवर सोडियम पायरुव्हेट आहे की नाही ते वाचून वहीत लिहा. पायरुव्हेट पेरॉक्साइड खाऊन टाकतो, त्यामुळे दोन बाटल्यांवर एकाच अर्काचे दोन वेगळे आकडे येतात.

बडोद्याच्या हवेबद्दल: डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर विशेषच. पाणी शिरलं की तेलकट घटक आधी खाली बसतात. साठा १०० मायक्रोलिटरच्या छोट्या कुप्यांत वाटून उणे २० ला ठेवा, एक कुपी एकदाच. साधारण १८.५ अंशांखाली डीएमएसओ गोठतं, तेव्हा बाहेर काढल्यावर ते पूर्ण वितळून ढवळलं गेलंय का ते उजेडात धरून पाहा.

साल कुठून घेतली ते लिहिलेलं नाही. काष्ठौषधींच्या दुकानातली असेल तर ती जांभळाचीच आहे याचा भरवसा नाही. रस्त्यालगतच्या झाडाची असेल तर धूर आणि धातूंचा प्रश्न. फुलं-पानं असलेली फांदी दाबून, वाळवून एम. एस. युनिव्हर्सिटीच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ओळखून घ्या आणि नमुना क्रमांक प्रबंधात द्या. सीताफळाच्या बिया पावागढ-जांबुघोडा बाजूच्या जंगलातून आणायचा विचार असेल तर तिथे अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नका. बाजारातल्या फळांच्या बिया पुरतात.

आकडेमोड

डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये ०.५ टक्के सारखं हवं, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. साठा थेट मीडियममध्ये पातळ करत गेलात तर मात्रेबरोबर डीएमएसओही उतरतं आणि दोन परिणामांची खिचडी होते. आधी डीएमएसओमध्येच पायऱ्या करा: १०० मायक्रोलिटर साठा आणि २१६ मायक्रोलिटर डीएमएसओ, असं पुढे पुढे. २० मिलिग्रॅमपासून सात पायऱ्या केल्या की वेलमध्ये १०० पासून ०.१ मायक्रोग्रॅम/मिली मिळतात. प्रत्येक पायरीतले १० मायक्रोलिटर ९९० मायक्रोलिटर ३७ अंशांच्या मीडियममध्ये, घालतानाच ढवळत. हे दुप्पट तीव्रतेचं झालं. वेलमधल्या १०० मायक्रोलिटरवर याचे १०० घाला. मीडियम गार असेल तर वरच्या मात्रा डोळ्यांदेखत गढूळ होतात, आणि गढूळ वेलचा आकडा घेऊ नये.

कडेच्या ३६ वेलमध्ये पीबीएस भरा, तिथलं पाणी आधी उडतं. आतल्या ६० मध्ये जांभळासाठी असं बसतं: सात मात्रा तिहेरी २१, त्याच मात्रा पेशींविना दुहेरी १४, वाहक कंट्रोल ६, काहीही न घातलेल्या ३, पेशीविरहित कोऱ्या ३, सिस्प्लॅटिन तीन मात्रा तिहेरी ९, १०० मायक्रोग्रॅम अधिक कॅटालेज ३, नुसतं कॅटालेज १. सिस्प्लॅटिनचा मिठाच्या पाण्याचा कंट्रोल आणि निकामी कॅटालेज शून्य वेळेच्या प्लेटबरोबर दुसऱ्या प्लेटवर घ्यावे लागतील.

एका प्लेटवरच्या तीन वेल म्हणजे एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) बरोबर तीन नव्हे. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (पिढीच्या) पेशींवर तीनदा. परीक्षक हे विचारतातच.

पारंबी (बडोदं)

सगळं उतरवून घेतलं. साल बागेतल्या एका ओळखीच्या झाडाची आहे, फांदी हर्बेरियममध्ये देते. शेवटचं: एचईके-२९३ चालेल का? आणि परिणाम खरा निघाला तर पुढे कॅस्पेज-३ (पेशीच्या नियोजित मृत्यूतलं एन्झाइम) तपासावं असं मार्गदर्शकांचं म्हणणं आहे.

पेशीपालक

एचईके-२९३ मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातून आल्या हे खरं, पण अडेनोव्हायरसच्या डीएनएने बदललेल्या, अमर झालेल्या पेशी आहेत त्या. त्यांना 'नॉर्मल' म्हणणं म्हणजे नावापुरतं. शिवाय तळाला सैल धरतात, एसआरबीच्या धुलाईत निम्म्या वाहून जातील आणि अर्क त्यांना मारतो असं दिसेल. स्तनासाठी एमसीएफ-१०ए बरी, पण तिला घोड्याचं सीरम, ईजीएफ, इन्शुलिन, हायड्रोकॉर्टिझोन आणि कॉलरा टॉक्सिन असा सगळा सरंजाम लागतो. खर्च झेपत नसेल तर डब्ल्यूआय-३८ सारखे मानवी फायब्रोब्लास्ट. त्या सावकाश वाढतात हे ध्यानात ठेवा: वाढ रोखणारं कुठलंही द्रव्य त्यांच्यावर सौम्य दिसतं आणि निवडकतेचा आकडा फुगतो. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवा, ओळखीच्या प्रयोगशाळेतून उसन्या आणू नका. उसन्या पेशींबरोबर मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जंतू फुकट येतो. तो ०.२२ च्या फिल्टरमधून पार होतो, मीडियम गढूळही करत नाही, आणि एमटीटीचे आकडे मात्र बिघडवतो. पीसीआरने तपासून घ्या.

कॅस्पेज-३ एमसीएफ-७ मध्ये करू नका. त्या पेशींत कॅस्पेज-३ चं जनुकच तुटलेलं आहे, ते प्रथिन तयार होत नाही. निकाल कायम शून्य येईल आणि डीएनएची शिडीही (तुटक्या डीएनएचे पट्टे) नीट दिसणार नाही. ॲनेक्सिन-व्ही आणि प्रोपिडियम आयोडाइड ही मरत्या आणि मेलेल्या पेशी ओळखणारी जोडी फ्लो सायटोमीटरवर करा, किंवा कॅस्पेज-७ आणि ९ बघा. कॅस्पेज-३ च हवं असेल तर पेशी बदला, हेला चालतील.

मला विचाराल तर त्याआधी कॉलनी चाचणी. सहा वेलच्या प्लेटमध्ये वेलमागे ५०० पेशी, चिकटल्यावर २४ तास अर्क, मग धुऊन ताजं मीडियम, १० ते १४ दिवस हलवायचं नाही. मिथेनॉलने स्थिर करून ०.५ टक्के क्रिस्टल व्हायोलेट, आणि ५० पेक्षा जास्त पेशींचे ठिपके मोजायचे. खर्च जवळपास नाही, आणि अर्काने पेशी थांबल्या होत्या की संपल्या होत्या ते कळतं. सीताफळाच्या बाबतीत मला तेच पाहायचं आहे, अर्क काढून घेतल्यावर त्या परत उभ्या राहतात का.

कडूकाढा

प्रबंधाच्या शीर्षकात 'कर्करोगविरोधी' घालू नका, 'पेशीविषाक्तता' लिहा. सरसकट अर्काला २० ते ३० मायक्रोग्रॅम/मिलीच्या खाली आयसी५० असेल तर तो पुढे नेण्याजोगा, हा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या निकषांवरून रूढ झालेला संकेत आहे. पण तो चाळणीपुरताच धरा. सदाफुलीच्या वाळलेल्या पानांत व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध इतकं नगण्य असतं की नुसत्या अर्काच्या आकड्यावरून त्याची किंमत कळली नसती. नोबल आणि बीअर यांनी कॅनडात १९५० च्या दशकात ती वनस्पती मधुमेहासाठी तपासायला घेतली आणि उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या म्हणून व्हिन्ब्लास्टिन हाती लागलं. तेव्हा जांभळाच्या अर्काचा आयसी५० ८० ला आला तरी हेक्झेन, इथिल ॲसिटेट, ब्युटेनॉल असे भाग पाडून प्रत्येक भाग एकदा तपासा.

पारंबी (बडोदं)

रीडर आम्हाला आठवड्यातून एकच दिवस मिळतो. एसआरबीच्या प्लेट्स तोवर थांबतील का?

पेशीपालक

हो. रंगवून, धुऊन, पूर्ण वाळवलेली प्लेट झाकून अंधारात ठेवली तर कितीही दिवस चालते. ट्रिस मात्र रीडिंगच्या दिवशीच घाला. बुडबुडे राहिले तर सुईच्या टोकाने फोडा, दर प्लेटला नवी सुई.